अफानासी निकितिन

अफानासी निकितिन (मृत्यू: इ.स. १४७२ ते १४७५ च्या दरम्यान, स्मोलेन्स्कजवळ) हा पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी व प्रवासवर्णनकार होता. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर नगरातून व्यापारासाठी निघालेला निकितिन वाटेत लुटला गेला आणि कास्पियन समुद्र, इराण व होर्मुझमार्गे चौल बंदरात उतरला. बहमनी राज्यात तो सुमारे तीन वर्षे राहिला. चौल, जुन्नर, बिदर, गुलबर्गा, श्रीशैलम आणि दाभोळ ही त्याने पाहिलेल्या ठिकाणांपैकी प्रमुख होत. परतीच्या वाटेवर, मायदेशी पोहोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागे राहिलेली टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जातात. अहमदनगरची निजामशाही स्थापन होण्याच्या साधारण दोन दशके आधीचा महाराष्ट्र परक्या माणसाच्या नजरेतून दाखवणाऱ्या मोजक्या साधनांत त्यांची गणना होते.

नाव व कालनिर्णय

निकितिन हे आजच्या अर्थाने आडनाव नव्हे. त्याचा अर्थ निकिताचा मुलगा एवढाच आहे. त्या काळातील सामान्य रशियन माणसांना आडनाव नसे, वडिलांच्या नावाने ओळख सांगितली जाई. त्याचा जन्म, कुटुंब व बालपण यांविषयी नोंदी उपलब्ध नाहीत. त्याच्या चरित्राचा जवळजवळ सर्व आधार त्याने स्वतः लिहिलेली टिपणे हाच आहे.

प्रवासाच्या वर्षांविषयी दोन मते आहेत. जुन्या मतानुसार हा प्रवास १४६६ ते १४७२ या काळात झाला आणि निकितिन १४६९ मध्ये चौलला उतरला. सोव्हिएत अभ्यासक लिओनिद सेम्योनोव्ह याने टिपणांतील सणांचे दिवस आणि दख्खनच्या इतिहासातील घटना ताडून पाहिल्या व प्रवासाचा काळ १४६८ ते १४७४ असा मांडला. या मतानुसार त्याचे चौल येथील आगमन १४७१ मध्ये येते. हा घोळ होण्याचे एक कारण खुद्द निकितिनच्या दुर्दैवात आहे. त्याची धार्मिक पुस्तके लुटीत गेल्यामुळे ईस्टर कोणत्या दिवशी येतो हे त्याला नक्की समजत नसे आणि त्याचा सारा कालक्रम तर ईस्टरवरून मोजलेला आहे.

त्वेर व तत्कालीन रशिया

त्वेर हे नगर मॉस्कोच्या वायव्येस, व्होल्गा व त्वेर्त्सा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. निकितिनच्या काळी आज आपण ज्याला रशिया म्हणतो तो एकसंध देश अस्तित्वात नव्हता. मॉस्को, त्वेर, रियाझान ही वेगवेगळी संस्थाने होती, तर नोवगोरोद व प्स्कोव्ह ही व्यापारी नगरराज्ये होती. स्मोलेन्स्कसह पश्चिमेकडील मोठा प्रदेश लिथुएनियाच्या अमलाखाली होता. पूर्वेस व दक्षिणेस मंगोलांच्या सुवर्ण टोळीच्या साम्राज्याचे तुकडे होऊन कझान, आस्त्राखान, क्रिमिया अशी तातारांची राज्ये उभी राहिली होती. तातारांचे वर्चस्व १४८० पर्यंत नावापुरते का होईना टिकून होते. त्वेरवर तेव्हा मिखाईल बोरिसोविच याची सत्ता होती. पुढे १४८५ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने हे संस्थान गिळंकृत केले. निकितिनने ज्या राज्याचा परवाना घेऊन घर सोडले, ते राज्य त्याच्या मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांतच नकाशावरून नाहीसे झाले.

या प्रदेशाचे अर्थकारण नद्या व अरण्ये यांवर उभे होते. उत्तरेकडील दाट जंगलांतून सेबल, खार इत्यादी प्राण्यांची मऊ कातडी, मध आणि मेण मिळे. दक्षिणेकडून रेशीम, रंग व मसाले येत. वर्षातील चार-पाच महिने नद्या गोठलेल्या असत व त्या काळात बर्फावरून घसरगाड्या चालत. बर्फ वितळल्यावर होड्या सुटत. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची व्होल्गा नदी त्वेरजवळच्या वनप्रदेशातून निघून गवताळ मैदाने ओलांडते व कास्पियन समुद्रास मिळते. प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्या व्यापाऱ्याला आधी स्लाव्ह लोकांची लाकडी गावे लागत, मग कझानचे तातार आणि शेवटी आस्त्राखानच्या भटक्या टोळ्यांचा मुलूख लागे. भाषा, धर्म आणि खाणेपिणे अशा रीतीने नदीच्या वळणांबरोबर बदलत जाई. निकितिनला तुर्की व फारसीचे जे ज्ञान होते, ते याच व्यापारमार्गावरच्या वावरातून आले असावे.

व्होल्गेवरील लूट

कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिर्वान या राज्याचा एक वकील तेव्हा मॉस्कोला आला होता. त्याच्याबरोबर मॉस्कोनेही आपला वकील वासिली पापिन यास शिर्वानकडे पाठवले. अशा वकिलातींच्या सोबतीने प्रवास करणे व्यापाऱ्यांना सुरक्षित वाटे. निकितिन त्वेरहून कल्याझिन, उग्लिच, कोस्त्रोमा या गावांवरून निझ्नी नोवगोरोद येथे पोहोचला, तेव्हा पापिन पुढे निघून गेला होता. निकितिन तेथे दोन आठवडे थांबला आणि शिर्वानचा वकील हसन बेग परत आला तेव्हा त्याच्याबरोबर निघाला. हसन बेगच्या जहाजावर मॉस्कोच्या राजाने भेट दिलेले नव्वद ससाणे होते.

कझान निर्विघ्नपणे पार पडले. आस्त्राखानजवळ मात्र तातारांनी त्यांना गाठले. व्यापाऱ्यांचे लहान जहाज मासे पकडण्यासाठी नदीत घातलेल्या बांधात अडकले आणि लुटले गेले. निकितिन स्वतः वकिलाच्या मोठ्या जहाजावर होता, पण त्याचे सामान लहान जहाजात होते. मोठे जहाजही नदीच्या मुखाशी वाळूत रुतले आणि त्यावरील माल गेला. चार रशियन माणसे कैद झाली. उरलेल्यांना रिकाम्या हातांनी समुद्राकडे सोडून देण्यात आले. घरी जाऊन कोणी बातमी देऊ नये म्हणून प्रवाहाच्या उलट दिशेने परतण्याची मनाई होती. समुद्रात वादळ झाले, एक जहाज दागिस्तानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातील माणसे काईताक टोळीच्या हाती सापडली.

देर्बेंत येथे पोहोचल्यावर निकितिनने या कैद्यांच्या सुटकेसाठी खटपट केली व शिर्वानशाह फर्रुख यसारच्या मध्यस्थीने ते सुटले. परंतु मायदेशी परतण्यासाठी पैसे मागितल्यावर माणसे फार आहेत असे कारण देऊन शाहने नकार दिला. येथे या मंडळींची फाटाफूट झाली. ज्यांचे रशियात काही होते ते तिकडे गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते मिळेल त्या दिशेने पांगले, काही शेमाखा येथे मजुरी करत राहिले. निकितिन दुसऱ्या गटात होता. सावकारांच्या दारात रिकाम्या हाताने उभे राहण्यापेक्षा पुढे जाऊन काही कमवावे असा त्याचा हिशेब असावा. त्याला भारताच्या शोधासाठी निघालेला धाडसी संशोधक म्हणून रंगवण्याची प्रथा आहे, पण टिपणांत तसा हेतू कोठेही दिसत नाही.

इराणमार्गे चौल

बाकू येथील जमिनीतून निघणारी न विझणारी आग पाहून निकितिन कास्पियन ओलांडून माझंदरान प्रांतात उतरला. सारी, आमोल, रे, काशान, याझ्द, लार अशी गावे करत, कोठे महिना तर कोठे अनेक महिने थांबत तो दक्षिणेकडे सरकत गेला. वाटेत खजूर इतका स्वस्त होता की तो गुरांना चारत, हे उत्तरेतील माणसाला नवल वाटले व त्याने भावासह टिपून ठेवले. होर्मुझ येथे माणसाला होरपळवणारे ऊन आणि दिवसातून दोनदा येणारी भरती यांची नोंद आहे.

होर्मुझ हे घोड्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. दख्खनच्या सुलतानांना व विजयनगरच्या रायांना घोडदळासाठी अरबी व इराणी घोडे सतत लागत. दख्खनमध्ये चांगली पैदास होत नसल्यामुळे समुद्रमार्गे आणलेल्या घोड्याला भारी किंमत मिळे. निकितिनने आपल्याजवळची पुंजी एका घोड्यात घातली. घोडा घेऊन तो मस्कत, गुजरात, खंबायत या मार्गाने सहा आठवड्यांनी चौलला पोहोचला.

चौल हे तेव्हा कोकणातील भरभराटीचे बंदर होते. तेथील लोक उघड्या अंगाने व उघड्या डोक्याने वावरतात, केसांची एक वेणी घालतात, सरदार डोक्यावर व कमरेला वस्त्र गुंडाळतो, सेवक अनवाणी पायांनी ढाल-तलवार घेऊन चालतो, असे तपशील त्याने लिहिले. लोकरी कपड्यांत वाढलेल्या माणसाला कोकणच्या उकाड्यातला हा पोशाख उघडेपणा वाटणे साहजिक होते. मात्र पाहण्याचे कौतुक एकतर्फी नव्हते. गोरा माणूस पाहण्यासाठी आपल्यामागे लोकांची झुंड चालते, हेही त्याने तितक्याच सरळपणे नमूद केले आहे.

जुन्नरचा पावसाळा

चौलहून आठ दिवसांनी पाली, तेथून दहा दिवसांनी उमरी आणि पुढे सहा दिवसांनी जुन्नर, असा त्याचा मार्ग होता. जुन्नर हे कोणी न बांधता देवानेच घडवलेल्या कड्यावरील नगर आहे, वर जाण्यास दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, असे वर्णन तो करतो. हे वर्णन शिवनेरी किल्ल्याचे मानले जाते. जुन्नरचा अधिकारी असद खान हा बहमनी वजीर महमूद गवान याच्या हाताखालील सरदार होता. निकितिन गवानचा उल्लेख त्याच्या मलिक-उत-तुज्जार या पदवीने करतो.

घोडा घेऊन जुन्नरला पोहोचेपर्यंत त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. पावसाने त्याला तेथेच अडकवले. रशियात हिवाळा म्हणजे प्रवास थांबवणारा ऋतू, म्हणून त्याने मोसमी पावसालाही हिवाळा हाच शब्द वापरला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल असतो, याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, हे त्याच्या दृष्टीने उलटे जग होते. त्याच्या गावी हिवाळ्यात जमीन बर्फाखाली झोपलेली असे. गहू, भात, कडधान्ये यांची पेरणी, नारळापासून व ताडीपासून होणारी मद्ये, घोड्यांना खाऊ घालण्यात येणारे हरभरे आणि तेल-साखर घातलेली खिचडी, ओझ्यासाठी व बसण्यासाठी वापरले जाणारे बैल आणि रेडे यांची माहिती याच भागात येते.

जुन्नरमध्येच त्याच्यावर सर्वांत मोठे संकट कोसळले. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे हे कळताच असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत मिळेल व वर हजार सुवर्णमुद्रा मिळतील, न स्वीकारल्यास घोडाही जाईल आणि दंडही होईल, असे त्यास सांगण्यात आले. विचारासाठी चार दिवसांची मुदत मिळाली. ऑगस्ट महिना होता व ख्रिस्ती उपवासाचा काळ चालू होता. परक्या मुलखात, एकही ओळखीचा माणूस नसताना, ज्या एका जनावरात सारी पुंजी गुंतलेली होती तेही गमावून बसलेल्या व्यापाऱ्यापुढे हा पर्याय ठेवलेला होता.

मुदत संपण्याच्या सुमारास महंमद नावाचा एक खुरासानी जुन्नरला आला. निकितिनने त्याच्याकडे गयावया केली. तो खानाकडे गेला, त्याने धर्मांतराची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. निकितिनने हा तारणहाराच्या सणाच्या दिवशी घडलेला चमत्कार मानला. येथेच तो आपल्या ख्रिस्ती बांधवांना बजावतो की हिंदुस्थानला यायचे असेल तर आपली श्रद्धा रशियातच ठेवून निघावे. हे वाक्य उपहासाने लिहिले आहे की खिन्नतेने, याबद्दल वाचकांत मतभेद होऊ शकतात. मात्र त्याला छळणारा आणि त्याला सोडवणारा असे दोघेही मुसलमान होते हा तपशील त्याने लपवला नाही.

याच जुन्नरचा पुढील इतिहास या प्रसंगाच्या संदर्भात लक्षणीय ठरतो. मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातील, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला सरदार होता. त्याचा मुलगा मलिक अहमद याने जुन्नर येथूनच कारभार पाहत १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून स्वातंत्र्य घोषित केले आणि नंतर भिंगारजवळ अहमदनगर शहर वसवून राजधानी तिकडे नेली. चौल हे या निजामशाहीचे प्रमुख बंदर बनले. निकितिनने घोडा हाकत तुडवलेली चौल-जुन्नर ही वाट पुढे शतकभराहून अधिक काळ अहमदनगरच्या राज्याची समुद्राकडे जाणारी वाट राहिली.

जुन्नर ते बिदर

ऑगस्टच्या मध्यास निकितिन जुन्नरहून बिदरकडे निघाला व महिन्याभराने तेथे पोहोचला. या दोन नगरांमधील सरळ रेषा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर व जामखेड या भागांतून जाते. या टप्प्यातील गावांची नावे त्याने दिलेली नाहीत. रोज तीन-चार गावे लागत आणि जितके कोस तितकी गावे, एवढेच तो सांगतो. पर्जन्यछायेतील हा पठारी मुलूख आज अवर्षणासाठी ओळखला जातो, त्यामुळे दाट वस्तीचे हे चित्र लक्षात घेण्याजोगे आहे. अर्थात तो पावसाळ्याच्या अखेरीस, शिवारे हिरवी असताना जात होता आणि उत्तरेकडील जंगलात दिवसचे दिवस गाव न दिसण्याची त्याला सवय होती, हेही विसरता येत नाही.

जुन्नर ते बिदर हे अंतर त्याने चाळीस कोस दिले आहे. त्याचा कोस दहा व्हेर्स्तांचा, म्हणजे दहा किलोमीटरहून थोडा अधिक असल्याने हा आकडा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात सरळ रेषेतील अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे. ऐकीव गोष्टींत तो वाहवत जात असला तरी स्वतः चाललेल्या वाटेच्या बाबतीत त्याचा अंदाज पक्का होता.

बिदर

बिदर ही बहमनी राज्याची राजधानी होती. गादीवर तिसरा मुहम्मद शाह हा तरुण सुलतान होता, पण सत्ता सरदारांच्या, त्यातही बाहेरून आलेल्या खुरासानी अमीरांच्या हाती होती, हे निकितिनने अचूक हेरले. याच आफाकी व दख्खनी सरदारांमधील वैरातून १४८१ मध्ये महमूद गवानचा वध झाला आणि राज्य फुटू लागले. निकितिनला पुढचे माहीत असणे शक्य नव्हते, परंतु ताणाचे कारण त्याच्या नोंदीत दिसते.

सुलतानाची स्वारी, सोन्याच्या सरंजामाने मढवलेले घोडे, चांदीच्या पालख्या, सुळ्यांना तलवारी बांधलेले चिलखती हत्ती, पहारेकरी व कारकून बसलेले राजवाड्याचे सात दरवाजे ही वर्णने विस्ताराने येतात. सैन्याचे आकडे बाजारगप्पांतून घेतलेले असल्याने ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. घुबड ज्या घरावर बसते तेथे मृत्यू येतो, वानरांना राजा व सैन्य असते, अशा कथाही त्याने ऐकल्या तशा लिहिल्या. पण याच थाटामाटाच्या शेजारी तो आणखी एक गोष्ट मांडतो. देश माणसांनी गजबजलेला आहे, सरदार अतिशय ऐषारामात राहतात आणि खेड्यातील रयत मात्र अगदी दरिद्री आहे. दरबारी तवारिखांतून रयतेची ही स्थिती सहसा नोंदली जात नाही. निकितिनला कोणाकडून इनाम घ्यायचे नव्हते.

घोडा त्याने जवळपास वर्षभर पोसला आणि नाताळाच्या सुमारास बिदरला विकला. दख्खनमध्ये रशियासाठी भरपूर माल मिळेल असे ज्यांनी सांगितले होते त्यांनी आपल्याला फसवले, अशी त्याची तक्रार आहे. मिरी व रंग स्वस्त होते, पण जकात जबर होती आणि समुद्रावर चाचे होते. व्यापारी म्हणून त्याची ही मोहीम फसली.

हिंदू समाजाचे वर्णन

बिदरमध्ये निकितिनची अनेक हिंदूंशी ओळख झाली. तोवर तो खोजा युसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफानासी आहे हे त्याने या मंडळींना सांगितले. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवले नाही, ना जेवणखाण, ना व्यवहार, ना पूजाअर्चा. घरातील स्त्रियांनीही आडपडदा ठेवला नाही. ओळख उघड केल्यामुळे जुन्नरला त्याच्यावर संकट आले होते आणि बिदरला त्याच ओळखीने घरांची दारे उघडली.

या जवळिकीमुळे त्याच्या नोंदी वरवरच्या राहिल्या नाहीत. पंथ अनेक असून एका पंथाचे लोक दुसऱ्याबरोबर खात-पीत नाहीत वा सोयरीक करत नाहीत, हे त्याने पाहिले. उजव्या हाताने जेवणे, चमचा न वापरणे, प्रवासात प्रत्येकाने आपले अन्न वेगळे शिजवणे, परधर्मीयाची दृष्टी भांड्यात पडल्यास ते अन्न टाकून देणे, भात व तूप घातलेली खिचडी, गाईस माता मानणे, शेणाच्या गोवऱ्यांवर स्वयंपाक करणे व राख अंगाला लावणे हे सारे त्यात येते. मुलाचे नाव बाप ठेवतो व मुलीचे नाव आई ठेवते, अशीही एक नोंद आहे.

शिवरात्रीला तो हिंदू यात्रेकरूंबरोबर श्रीशैलम येथे गेला. या क्षेत्राला तो पर्वत म्हणतो आणि हिंदूंचे ते जेरुसलेम होय अशी तुलना करतो. भिंतींवरील कोरीव शिल्पे, काळ्या दगडाचा प्रचंड नंदी, त्याच्या खुरांचे चुंबन घेऊन फुले वाहणारे भाविक, मुंडन करणारे स्त्री-पुरुष यांचे वर्णन त्याने केले. देवमूर्तीच्या उंचावलेल्या हातावरून त्याला कॉन्स्टँटिनोपल येथील सम्राट जस्टिनियनच्या पुतळ्याची आठवण झाली. परधर्माची निंदा करण्याचा मोह त्याला येथे झालेला दिसत नाही. त्या काळच्या ख्रिस्ती लेखनात ही गोष्ट विरळ आहे.

श्रद्धेचा पेच

निकितिनच्या टिपणांचा गाभा प्रवासापेक्षा या पेचात अधिक आहे. पुस्तके गेल्याने त्याला ईस्टर, नाताळ, बुधवार-शुक्रवारचे उपवास काही नीट कळेनासे झाले. मुसलमानांच्या सणावरून व ताऱ्यांवरून तो अंदाज बांधे. ते रमजानचे उपवास करत तेव्हा तोही उपवास करी, पण आपल्या देवासाठी. ख्रिस्ती धर्म मी सोडला नाही, परंतु योग्य श्रद्धा कोणती ते देवच जाणतो, अशा आशयाची वाक्ये त्याच्या लेखणीतून उतरतात. रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फारसी व अरबी मिसळते आणि टिपणांचा शेवट अरबी प्रार्थनेने होतो. त्याने प्रत्यक्षात इस्लाम स्वीकारला होता असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. इतरांच्या मते ही बाजारपेठांत रुळलेल्या माणसाची मिश्र भाषा आहे आणि तिच्यातील देव एकच आहे. घरी परतल्यावर ज्याला धर्मत्यागाचा जाब विचारला जाऊ शकत होता, अशा माणसाने हे सारे लिहून ठेवावे, यावरून तरी त्याला आपल्या मनातील गोंधळ दडवायचा नव्हता असे दिसते.

मायदेशाविषयीचा त्याचा सर्वांत प्रसिद्ध परिच्छेदही तुर्कीतच आहे. जॉर्जिया, तुर्कस्तान, वलाखिया, पोदोलिया अशा सुपीक व स्वस्ताईच्या प्रदेशांची आठवण काढून तो रशियाकडे वळतो. देवाने रशियाचे रक्षण करावे, जगात तिच्यासारखी भूमी नाही, अशी प्रार्थना करून तेथील सरदारांबद्दल तो एक कडवट शब्द टाकतो. त्या शब्दाचा अर्थ काही जण अन्यायी असा करतात, तर काही जण एकमेकांशी भावासारखे न वागणारे असा करतात. दोन्ही अर्थ त्या फुटलेल्या संस्थानांना लागू पडतात. ही टीका रशियन वाचकाला सहज कळू नये म्हणून त्याने तुर्कीचा आडोसा घेतला असावा. बिदरच्या रयतेचे दारिद्र्य टिपणाऱ्या माणसाला घरचे सरदारही चांगलेच माहीत होते.

परतीचा प्रवास व मृत्यू

पाचव्या ईस्टरनंतर निकितिनने परतण्याचे ठरवले. बहमनी राज्य तेव्हा युद्धात गुंतले होते. गुलबर्गा, आळंद या मार्गाने तो दाभोळला आला. कोकणातील हे बंदरही घोड्यांच्या व्यापारासाठी नावाजलेले होते. दाभोळहून निघालेले जहाज वाऱ्याने भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथील लोकांना तांदूळ, मिरी व भाकरी देऊन जहाजावरील लोकांनी लूट टाळली. मस्कतला त्याने सहावा ईस्टर पाळला.

होर्मुझहून शिराझ, इस्फहान, कोम, तबरीझ करत तो उझुन हसन या तुर्कमान राजाच्या छावणीत दहा दिवस राहिला व तेथून काळ्या समुद्रावरील त्राब्झोन येथे आला. उझुन हसन व ऑटोमन सुलतान यांच्यात वैर पेटलेले असल्याने तेथील अधिकाऱ्यांनी त्याला हेर समजून त्याचे सामान उचकटले. कागदपत्रांच्या शोधात त्यांनी त्याच्याजवळच्या किरकोळ चिजाही लंपास केल्या. समुद्रात वाऱ्याने वारंवार मागे लोटल्यानंतर तो क्रिमियातील काफा या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या बंदरात पोहोचला. टिपणे येथे संपतात.

काफाहून उत्तरेकडे जाताना, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वी तो वारला. मृत्यूचे कारण नोंदलेले नाही. स्मोलेन्स्क तेव्हा लिथुएनियाच्या ताब्यात असल्याने मायभूमीची हद्दही त्याला ओलांडता आली नाही.

हस्तलिखित

त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणल्या व राजाच्या पदरी असलेल्या वासिली मामिरेव्ह या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या. १४७५ च्या बखरीत त्यांचा समावेश करण्यात आला. बखर लिहिणाऱ्याने निकितिन केव्हा निघाला हे शोधण्याचा प्रयत्न केला, त्यासाठी वकील पापिन केव्हा गेला होता याची चौकशी केली आणि तसे लिहूनही ठेवले. मूळ वह्या नष्ट झाल्या असून नंतरच्या नकला उपलब्ध आहेत.

पुढे हा मजकूर विस्मरणात गेला. इतिहासकार निकोलाय करामझिन याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रोइत्स-सेर्गियेव्ह मठाच्या संग्रहात त्याची एक प्रत आढळली. १८२१ मध्ये मजकूर प्रथम छापला गेला. लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने १८५७ मध्ये पंधराव्या शतकातील भारतावरील प्रवासवर्णनांच्या संग्रहात त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून भारतातील इतिहासकारांना ते उपलब्ध झाले.

मूल्यमापन

निकितिनला भारतात आलेला पहिला युरोपीय म्हणणे चूक आहे. व्हेनिसचा निकोलो कोंती त्याच्या आधी विजयनगर व दक्षिण भारत पाहून गेला होता. वास्को द गामाच्या १४९८ मधील आगमनापूर्वी सुमारे पाव शतक तो येथे होता, एवढे मात्र खरे. सोव्हिएत काळात त्याला भारत-रशिया मैत्रीचा आद्य दूत ठरवण्यात आले. ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘परदेसी’ (१९५७) या चित्रपटात ओलेग स्त्रिझेनोव्हने निकितिनची व नर्गिसने भारतीय नायिकेची भूमिका केली. चित्रपटातील प्रेमकथेला टिपणांत आधार नाही.

इतिहासाचे साधन म्हणून त्याच्या लेखनाला मर्यादा आहेत. स्थळनावे कानावर पडली तशी लिहिलेली असल्याने काहींची ओळख अद्याप वादग्रस्त आहे. राजकीय घटनांचा क्रम पुढेमागे झाला आहे. तरीही बहमनी दरबारातील फारसी तवारिखांत न सापडणारी माहिती, विशेषतः धान्य, चारा, जकात, भाव, धर्मशाळा आणि रस्त्यावरील माणसे, त्याच्या लेखनात मिळते.

स्मारके

त्वेर येथे व्होल्गेच्या काठी १९५५ मध्ये निकितिनचा पुतळा उभारण्यात आला. काफा म्हणजे आजच्या फिओदोसियातही त्याचा पुतळा आहे. महाराष्ट्रात चौलशेजारी, रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे त्याच्या आगमनाच्या स्मरणार्थ स्तंभ उभारलेला आहे.